शाळेत येशूचं सांगता का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी रविवारी चर्चला जाते हे कळलं की लग्नाच्या पंगतीत, एसटीत, शिक्षण परिषदेत कुणीतरी विचारतंच, "बाई, मग शाळेत येशूचं सांगता का?" काहींच्या मनात शंका असते. आमच्या चर्चमधली वडीलधारी हेच विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत आशा असते. दोघांनाही उत्तर एकच. नाही.

माझी शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या २८व्या कलमात आहे. ते नसतं तरी मी सांगितलं नसतं. आठ वर्षांचं पोर बाईंना खूश करायला कशालाही 'हो' म्हणतं. त्या 'हो'ला श्रद्धा म्हणायची मला लाज वाटेल. राहिला सरस्वतीच्या फोटोचा प्रश्न. हार मुलं घालतात, मी रांग सांभाळते. परिपाठाच्या शेवटी पसायदान असतं, ते मी खड्या आवाजात म्हणते. ज्ञानोबांचं आपेगाव आमच्याच मराठवाड्यातलं, आणि दुष्टांचा नाश नको, त्यांच्यातला दुष्टपणा जावो असं मागणं मला परकं कसं वाटेल?

पण 'सांगत नाही' म्हणजे माझी श्रद्धा शाळेच्या फाटकाबाहेर थांबते असं नाही. ती दिसते मार्च-एप्रिलमध्ये.

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या भरतात. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. हंगामी वसतिगृहामुळं काही पोरं आजीजवळ राहतात, सगळी नाही. धाकट्या भावाला सांभाळायला तिसरीतली मुलगी सोबत न्यावीच लागते. जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून हातात शिक्षण हमी कार्ड देतो आम्ही. फडाजवळच्या शाळेत ते कितींनी दाखवलं, हे विचारू नका. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की ही पोरं परततात, तेव्हा बाकीचा वर्ग भागाकारावर असतो आणि यांची वजाबाकीही पुसली गेलेली असते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूनं सांगितलेला एक दाखला आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग दुपारी, मग अगदी दिवस मावळायला तासभर उरला असताना. संध्याकाळी सगळ्यांना एकच मजुरी देतो, तीही शेवटी आलेल्यांना आधी. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. हा दाखला ऐकून शहरातले लोक 'देवाची कृपा' म्हणतात. आमच्याकडं रोजंदारी आणि उचल जाणणारा माणूस आधी विचारतो, "असा मुकादम असतोय व्हय?" मला तो प्रश्न जास्त खरा वाटतो. असा मुकादम नसतो, म्हणून तर तो दाखला.

आमचं घराणंही उशिराच आलेलं. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तिथं आमच्या पूर्वजांना पहिल्यांदा पाटी मिळाली. त्याआधी गावकुसाबाहेरच्यांच्या वाट्याला अक्षर नव्हतं. त्यांना कुणी "एवढे दिवस कुठं होतात?" विचारलं असतं, तर मी आज खडू धरला नसता. म्हणून परतलेल्या पोराला मी तो प्रश्न विचारत नाही, आणि कुणाला विचारू देत नाही. हजेरी घेताना आधी त्यांची नावं. नवं पुस्तक, पुढची जागा, आणि सकाळची शाळा सुटल्यावर वरचा एक तास त्यांचा.

यावर कुरकुर होतेच. सहकारी म्हणतात, "मॅडम, दोन महिन्यांत काय होणार? निकालाचं बघा." खरंय, कित्येकदा फारसं होतही नाही. जोडाक्षरावर अडलेलं पोर दिवाळीला पुन्हा गाडीत बसतं, त्या वेळी येशूचा कुठलाच दाखला मला पुरत नाही. रागच येतो, आणि रविवारी प्रार्थनेत तो तसाच्या तसा ठेवते.

गेल्या वर्षी एक आई तणतणत आली. "आमचं पोरगं सालभर येतंय, अन् वरचा तास ह्यानलाच?" मला दाखल्यातले पहाटेचे मजूर आठवले, हसूही आलं. म्हटलं, "वहिनी, पाठवा तुमचंही." तिनं पाठवलं, शेजारणीनंही पाठवलं. आता त्या तासाला निम्मा वर्ग बसतो, आणि उसाच्या फडावरून आलेल्यांना पुढं बसवायला मला रोज भांडावं लागतं.