मालिकेतल्या लग्नातली काकू

मालिकेत लग्न निघालं की आमच्याकडे, म्हणजे मागे गर्दीत उभं राहणाऱ्या ज्युनिअर आर्टिस्टांकडे, दिवाळी. साखरपुडा, मेंदी, हळद, सीमांतपूजन, मग अक्षता मुठीत धरून तासन्‌तास उभं राहणं, म्हणजे आठवडाभराचं काम पक्कं. त्यात ऐन मंगलाष्टकांत नायिकेला काही सत्यबित्य कळलं तर आणखी दोन दिवस. मागे उभ्या आम्ही बायका मनात म्हणतो, कळू दे गं बाई, सावकाश कळू दे.

रात्री गर्दीसाठी माणसं पुरवणाऱ्या कोऑर्डिनेटरचा मेसेज येतो: ‘उद्या फिल्मसिटी, ७ चा कॉल. लेडीज १२, वय ४० ते ५५, काठपदर, स्वतःचे दागिने, पांढरं-काळं नको.’ विरारहून अंधारातच लोकल पकडायची, गोरेगाव पूर्वेला उतरून शेअर रिक्षा. पिशवीत तीन साड्या. त्यातली एक कॉस्च्युमवाली मुलगी निवडते, आणि मग ते लग्न उरकेपर्यंत तीच अंगावर, कारण कंटिन्युइटी, सगळ्या सीनमध्ये माणूस सारखाच दिसायला हवा. रोज घरी आल्यावर ब्लाउज धुवायचा आणि पंख्याखाली वाळत टाकायचा, मग जेवायचं.

काम विचाराल तर, ‘काकू, त्या खांबापासून इकडे या, गप्पा मारत या, आवाज नको.’ बिनआवाजाचं बोलणं जमतं. मी सोबतच्या बाईला ओठांनी भाजीचे भाव सांगते. बिनआवाजाचं हसणं मात्र अवघड. नवख्या बायकांचे खांदे हलतात, तोंडावर हसू नसतं. टेकला पंखे बंद, एसी बंद, भर मेमध्ये शालू. पंगतीच्या सीनमध्ये पानात जिलेबी असते, पण ती खायची नाही, नुसती मोडल्यासारखी करायची. दुसऱ्या दिवशी तीच जिलेबी मुंग्यांसकट पुन्हा वाढतात.

पैसे? दिवसाचे हजाराच्या आतबाहेर, त्यात कोऑर्डिनेटरचं कमिशन. हिंदी सिनेमात युनियनचं कार्ड लागतं, पुरुषांची ज्युनिअर आर्टिस्ट असोसिएशन आणि बायकांचा महिला कलाकार संघ. माझ्याकडे कार्ड नाही, म्हणून मी मराठी मालिकांतच. कुणी संध्याकाळी हातावर ठेवतं, कुणी ९० दिवसांनी. एका लग्नाचे पैसे आले तेव्हा मालिकेत त्या जोडप्याचा घटस्फोट चालू होता.

कोरोनात तर गर्दीच नको झाली. २०२० मध्ये शूटिंग पुन्हा सुरू झालं ते ६५ च्या वरच्यांना सेटवर बंदी घालून. आमच्यात आजोबा करणारे एक गृहस्थ होते, सत्तरीचे. त्यांना सेटवर जाता येत नव्हतं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली तेव्हा त्यांनी मला फोनवर निकाल वाचून दाखवला, पेढे मिळाल्यासारखा. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये इथलं शूटिंग पुन्हा थांबलं आणि कित्येक मालिका गोव्याला गेल्या. नायक-नायिका गेले, सासू गेली. गर्दीला कोण विमानाने नेतंय!

आता माझ्या क्लोजअपबद्दल. एका हळदीत डायरेक्टरने अचानक मला पुढे ओढलं. ‘काकू, नवरीकडे बघून म्हणा, दृष्ट लागण्यासारखी दिसते हो!’ एक वाक्य, तीन टेक, वर डायलॉगचे वेगळे पैसे. एपिसोड लागला त्या रात्री नणंदेचा नागपूरहून फोन, सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो, खालच्या वाण्याने साखर मोजता मोजता ते वाक्य म्हणून दाखवलं. मी हवेत.

पुढच्या आठवड्यात त्याच मालिकेत हॉस्पिटलचा सीन होता. कोऑर्डिनेटर म्हणाला, तुम्ही नको, तुम्ही एस्टॅब्लिश झालात. हळदीतली मावशी ओपीडीच्या रांगेत कशी बसेल? मग बाजार नाही, देवळातली आरती नाही, कोर्टाचं आवारही नाही. माझ्यासोबत नेहमी पाठमोरी उभी राहणारी बाई मात्र त्या चारही ठिकाणी होती. तेव्हापासून कॅमेरा वळला की मी आपसूक नवरीच्या मामाच्या फेट्याआड सरकते. या धंद्यात तोंड दिसलं की पोट मारलं जातं.

त्या मालिकेत आता ७ वर्षांचा लीप येतोय, म्हणजे गोष्ट एकदम सात वर्षं पुढे उडी मारतेय. परवा कोऑर्डिनेटरने विचारलं, ‘काकू, पांढरे केस चालतील का? मग कुणी ओळखणार नाही.’ म्हटलं, चालतील, विग नको, फक्त डाय लावायचं बंद करते.