टी-55, कागदातला

टी-55 रणगाड्याचं कागदी मॉडेल करतोय, आजचा दिवस त्याच्या चाकांत गेला. 1:25 प्रमाणात 810 मिमीचं चाक 32.4 मिमीचं होतं. एका बाजूला 5, प्रत्येक दुहेरी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून 20 चकत्या. 1 मिमी पुठ्ठ्याचे तीन थर धरले तर 60 वर्तुळं कापायची! पहिल्या-दुसऱ्या चाकातली फट मोठी ठेवा, टी-55 ओळखू येतो तो त्यावरूनच.

नाशिकच्या पावसाळी हवेत फेविकॉल जास्त लागला की कागद फुगतो, मग बुरुजाच्या (तोफ बसते त्या वरच्या घुमटाच्या) पाकळ्या जुळत नाहीत. टूथपिकने पातळ लावा, घडीवर आधी रिकाम्या रिफिलने रेघ ओढा. तोफेच्या नळीला जाड कार्डशीट नको, तडकतं. साधा 80 जीएसएमचा कागद विणकामाच्या सुईवर गुंडाळा. चाकांभोवतीचे पट्टे उद्या.