आमची वाटचाल : रेटच्या पलीकडे

मशिनिंगचं छोटं युनिट सुरू केल्यावर बरीच वर्षं आमची सगळी ताकद रेट सांभाळण्यातच गेली. मोठ्या कंपनीचा परचेस विभाग दरवर्षी भाव पाडून मागायचा आणि पेमेंटची तारीख मात्र पुढे ढकलायचा. पैसे हातात येईपर्यंत कच्चा माल, पगार, बँकेच्या कॅश क्रेडिटचं (खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं) व्याज सगळं आमच्याच माथी. पुढच्या वर्षी ऑर्डर टिकेल याची खात्री नसेल, तर नवीन मशीन कोण घेईल?

पुढे दुसरा एक ग्राहक मिळाला. आमच्या बुशचा (आत भोक असलेल्या नळीसारख्या भागाचा) एक लॉट त्यांच्याकडे रिजेक्ट झाला, पण डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी) पाठवण्याआधी त्यांचे क्वालिटी इंजिनिअर स्वतःचा प्लग गेज (भोकात घालून माप तपासायचा दांडा) घेऊन आमच्या शॉपवर आले. आम्ही तेच बुश बोअर गेजवर (भोकाचा नेमका व्यास दाखवणाऱ्या उपकरणावर) मोजले. माप वरच्या मर्यादेच्या जवळ होतं, पण मर्यादेतच. त्यांच्या गेजची ‘नो-गो’ बाजू, म्हणजे भोक मर्यादेत असेल तर आत जायला नको ती बाजू, झिजली होती, त्यामुळे ती चांगल्या बुशमध्येही शिरत होती. त्यांनी तिथूनच फोन करून लॉट पास करायला सांगितलं. हळूहळू आमचा माल इनकमिंग तपासणीशिवाय थेट त्यांच्या लाइनवर जाऊ लागला. स्टीलचा भाव हलला की रेटही हलेल, असं कलम करारात आलं. पेमेंट ठरल्या तारखेला यायचं. त्यांचं लांब मुदतीचं शेड्यूल बघून बँकेने सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनसाठी कर्ज मंजूर केलं, आणि कामावर माणसंही वाढली.

१ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन कंपनीच्या करिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक लहान व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथेच बनायचा आणि साठा नावालाच होता, त्यामुळे टोयोटाच्या लाइन थांबल्या. तेव्हा कितीतरी पुरवठादारांनी ड्रॉइंग मागवून घेतली आणि दर ठरण्याची वाट न बघता व्हॉल्व्ह बनवायला घेतले. शिलाई मशीनवाली ब्रदर कंपनीही त्यात होती. आठवडाभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. टोयोटाने नंतर पुरवठादारांना भरपाईही दिली. नुसत्या रेटवर चालणाऱ्या नात्यात असं कुणी धावून येत नाही, हे मी ठामपणे सांगतो.

आमचं प्लेटिंग (भागांवर धातूचा मुलामा देण्याचं काम) आमच्याहून लहान जॉबवर्कर करतात. मोठ्या ग्राहकाचे पैसे आले नसले तरी त्यांचं बिल आम्ही तारखेला चुकतं करतो.