मराठी संकेतस्थळ गुगलच्या शोधात वर कसे येते: किल्ल्यांच्या पानांवरून काही निरीक्षणे

सह्याद्रीतील किल्ल्यांची माहिती देणारे एक छोटे संकेतस्थळ मी बरीच वर्षे सांभाळते आहे, त्यामुळे 'आमचे पान गुगलवर दिसतच नाही, काय करावे?' हा प्रश्न ट्रेक करणारी मंडळी मला वरचेवर विचारतात. विचारणाऱ्याच्या हाती बहुधा एखाद्या एसइओ (म्हणजे शोधात पान वर आणून देण्याचे काम करणाऱ्या) एजन्सीचे दरपत्रक असते आणि त्यात पहिल्या क्रमांकाची हमी ठळक अक्षरांत दिलेली असते. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलने आपल्या मार्गदर्शक पानांवर स्वतःच सांगितले आहे, म्हणून दरपत्रकाआधी मी पानाचे शीर्षक पाहायला मागते. माझ्या मते मराठी पाने मागे पडतात ती स्पर्धेमुळे कमी आणि शोधणाऱ्याच्या तोंडचे शब्द त्या पानावर कुठेच नसल्यामुळे अधिक.

आपल्याकडे प्रवासवर्णनाला काव्यमय शीर्षक देण्याची जुनी हौस आहे. हरिश्चंद्रगडावर लिहिलेल्या उत्तम लेखाचे शीर्षक 'ढगांच्या ओंजळीत दोन दिवस' असे असते, आणि गडाचे नाव थेट चौथ्या परिच्छेदात येते. शोधणारा मात्र 'हरिश्चंद्रगड पाचनई मार्ग', 'हरिश्चंद्रगड माहिती मराठी' किंवा 'खिरेश्वरहून किती वेळ लागतो' असे टंकतो. शीर्षकात गडाचे आणि वाटेचे नाव असावे, पहिल्या दोन-तीन वाक्यांत त्या पानावर काय मिळेल ते सांगावे, आणि ढगांची ओंजळ त्यानंतर खुशाल यावी. तिच्यामुळे वाचक पानावर रमतो, पण तिच्यामुळे तो पानापर्यंत पोहोचत नाही.

हरिश्चंद्रगडाचेच उदाहरण पुढे न्यायचे तर पाचनईची वाट सोपी आहे, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून जाणारी लांब आहे, आणि बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट अनुभवी लोकांनीच करावी अशी अवघड आहे. लहान मुलांना घेऊन निघालेल्या माणसाच्या आणि दोर बांधून चढणाऱ्याच्या गरजा एकाच पानावर कोंबल्या, तर ते पान कोणाच्याच प्रश्नाचे नेमके उत्तर ठरत नाही. म्हणून प्रत्येक वाटेचे स्वतंत्र पान करावे, गडाच्या मुख्य पानावरून त्या तिन्हींकडे दुवे द्यावेत आणि तिथून परत मुख्य पानाकडे यावे. अर्थात एखाद्या वाटेविषयी सांगण्यासारखे चार ओळींपलीकडे काही नसेल, तर तिचे वेगळे पान काढण्याचा खटाटोप करू नये; पोकळ पानांची संख्या वाढवून काही साधत नाही.

लोक काय टंकतात याचा अंदाज बांधण्याची गरज नाही. सर्च कन्सोल ही गुगलची मोफत सोय १६ महिन्यांपर्यंतची माहिती दाखवते: कोणत्या शब्दांना आपले पान दिसले, किती जणांनी ते उघडले आणि सरासरी क्रमांक काय होता. या यादीत मी आधी आठव्या ते विसाव्या क्रमांकाच्या आसपास अडकलेले शब्द पाहते, कारण तिथे गुगलने पान योग्य मानलेले असते आणि थोडक्या दुरुस्तीने ते वर सरकण्याची शक्यता असते. आपल्या विषयात मागच्या महिन्याशी तुलना करणे मात्र निरर्थक आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की किल्ल्यांचे शोध वाढतात आणि उन्हाळ्यात ओसरतात, त्यामुळे तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, नाहीतर पावसाचे श्रेय एजन्सी घेऊन जाते.

देवनागरीच्या काही अडचणी इंग्रजी मार्गदर्शनात सहसा सापडत नाहीत. जुन्या स्मरणिका श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या धाटणीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, न बदलता तसाच चिकटवला, तर यंत्राला तिथे मराठी दिसत नाही, रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्येही 'ॲप' हा शब्द एका स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो आणि 'अ'वर चंद्र देऊनही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकासाठी मात्र वेगळ्या अक्षरमालिका. 'दुसऱ्या' किंवा 'कड्याच्या पायऱ्या' यांतला अर्धा र टंकण्याच्याही दोन पद्धती आहेत. गुगल असे बरेच फरक सांभाळून घेतो, पण आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा शोध बहुधा घेत नाही, म्हणून सगळीकडे एकच पद्धत ठेवावी. विभक्तीबद्दलही हेच. राजगडावर, राजगडाचा, राजगडहून या रूपांमागे एकच गड आहे हे गुगलला आता पूर्वीपेक्षा चांगले कळते. बर्ट ही भाषा समजून घेण्याची प्रणाली त्याने २०१९च्या डिसेंबरमध्ये ७०हून अधिक भाषांत आणली आणि त्यात मराठीही होती. तरी 'राजगड' हे मूळ रूप शीर्षकात एकदा तरी यावे.

पानाच्या पत्त्याची गोष्ट अधिक गमतीची आहे. पत्त्यात, म्हणजे यूआरएलमध्ये, देवनागरी अक्षराचे सांकेतिक रूपांतर होते आणि प्रत्येक अक्षरचिन्हामागे नऊ रोमन चिन्हे खर्ची पडतात. काना, वेलांटी, हलन्त आणि अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात, त्यामुळे 'हरिश्चंद्रगड' या एकाच शब्दाला १०८ चिन्हे लागतात. वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीत पत्त्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे गडाच्या नावापुढे जेमतेम दहा अक्षरचिन्हांची जागा उरते आणि उरलेले शीर्षक छाटले जाते. नवीन पानासाठी छोटा रोमन पत्ता देणे मला सोयीचे वाटते, कारण व्हॉट्सॲपवर पाठवतानाही तो माणसाला वाचता येतो. जुने, व्यवस्थित चाललेले पत्ते मात्र केवळ देखणेपणासाठी बदलू नयेत. बदलणे भागच पडले, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ प्रकारचे कायमचे पुनर्निर्देशन करावे, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्यावर पोहोचतो.

वेगाचा विचार करताना वाचक कुठे बसून पान उघडतो आहे हे डोळ्यांसमोर आणावे. तो पायथ्याच्या गावात, एसटीतून उतरून, नेटवर्कची एखादी काडी धरून वाट शोधत असतो, आणि आपण त्याला कॅमेऱ्यातून काढलेले सहा-सात एमबींचे कोकणकड्याचे छायाचित्र जसेच्या तसे पाठवतो. पानावरचा सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गुगलची अपेक्षा आहे. छायाचित्रे पडद्याच्या मापाची करून वेबपी या हलक्या स्वरूपात ठेवली आणि जोडाक्षरांनी जड झालेल्या देवनागरी फॉन्टची चार-चार वजने (कमी-जास्त जाडीची रूपे) न मागवता एक-दोनच ठेवली, तर बहुतेक काम होते. एसटीच्या वेळापत्रकाचे छायाचित्र टाकण्याऐवजी ते मजकूर म्हणून टंकावे. चित्रातल्या अक्षरांच्या भरवशावर राहू नये.

दुव्यांचे महत्त्व आजही आहे. गुगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मांडलेली पेजरँकची, म्हणजे पानाचे महत्त्व मोजण्याची, कल्पनाच दुव्यांवर उभी होती. परंतु घाऊक भावाने विकत घेतलेले दुवे गुगलने २०१२ मध्ये क्रमवारीत केलेल्या 'पेंग्विन' नावाच्या बदलापासून घातक ठरू लागले. विकिपीडियावर स्वतःच आपला दुवा चिकटवून येण्यातही अर्थ नाही, कारण तिथल्या बाहेरच्या दुव्यांना २००७पासून 'नोफॉलो' (क्रमवारीसाठी हा दुवा धरू नये, अशी खूण) लावलेले असते. गिर्यारोहण संस्था, स्थानिक शाळेचे संकेतस्थळ किंवा एखादा अभ्यासक आपणहून दुवा देतो, तो पानावर दुसरीकडे न मिळणारे काही असते तेव्हा: पाण्याच्या कोणत्या टाक्यातले पाणी मार्चनंतर आटते, कोणत्या ठिकाणी वाट चुकते, शेवटची एसटी कोणत्या फाट्यावरून जाते. किल्ल्यांच्या मराठी पानांत एकमेकांवरून उतरवलेला इतिहास इतका आहे की गुगल त्यांतले एखादेच पान दाखवतो. त्या गर्दीत आणखी एक नक्कल घालून काही मिळत नाही. आणि मेटा कीवर्डचा, म्हणजे वाचकाला न दिसणारा शोधशब्दांचा, रकाना तीसेक शब्दांनी भरणाऱ्यांना सांगायचे तर, क्रमवारीसाठी आपण तो वापरत नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

बदल केल्यावर सर्च कन्सोलमध्ये त्या पत्त्याची तपासणी करून पुन्हा नोंद घेण्याची विनंती करता येते, पण परिणाम दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि आपण दिलेले शीर्षक गुगल कधी कधी स्वतःच्या मर्जीने बदलूनही दाखवतो. माझ्या पानांची फेरतपासणी मी मे महिन्यात करते: वन विभागाचे निर्बंध, प्रवेशाचे नियम, रस्त्यांची अवस्था आणि मुक्कामाच्या सोयी. यांपैकी काही बदलले असेल, तरच पानावरची 'अद्ययावत' तारीख बदलते.