ओहोटी कधी?

काल दुपारी स्वयंपाकघरातल्या खणात सांडशी शोधत होतो, तर हाताला एक गोटा लागला. करडा, चपटा, मधून पांढरी रेघ गेलेला. फ्रान्समधल्या नीस शहराचा. तिथल्या किनाऱ्यावरून गोटे उचलून आणायला बंदी आहे हे घरी आल्यावर कळलं. तोवर आई त्याने आलं ठेचायला लागली होती.

नीसची हौस मुलांची. फ्रान्सचा रिव्हिएरा किनारा म्हणजे मऊ वाळू, असं आमच्या डोक्यात पक्कं. बघतो तर वाळूचा कण नाही, नुसते गोटे. पाच पावलांत तळपायांनी आईबाप आठवावेत असे. आई मात्र खूश. पिशवीत वाळू नाही, बाथरूममध्ये वाळू नाही! किनाऱ्यालगतच्या सात किलोमीटर लांब रस्त्यावर निळ्या खुर्च्या असतात, त्यातली एक धरून ती बसायची. हिवाळा काढायला येणाऱ्या इंग्रजांनी १८२० च्या दशकात पैसे घालून हा रस्ता सुरू केला, असं मी सांगितलं. "म्हणजे वर्गणीतून झाला," आई म्हणाली. तिला ते आवडलं.

पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं, "ओहोटी कधी?"

"इथे नसते गं."

"नसते म्हणजे? समुद्रच आहे ना?"

मी जिब्राल्टर काढलं. भूमध्य समुद्राचं तोंड तिथे जेमतेम १४ किलोमीटर रुंद, महासागराची भरती आत शिरणार कशी, वीत-दीड वीत पाणी हलतं एवढंच. आईने ऐकून घेतलं, खाली गेली आणि पाण्याच्या कडेला एक गोटा ठेवून आली. सकाळी बघू म्हणाली. सकाळी तिथे काही लाख गोटे होते.

तिचं तरी काय चुकलं? आम्ही अलिबागचे. आजोबांना घड्याळ लागायचं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. माघातल्या चतुर्थीला समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात गणपतीला जायचं, तर आजोबा बोटं मोजत म्हणायचे, "चारची पाऊणपट तीन. तीनला भरती, नऊला ओहोटी. चला!" एका वर्षी त्यांना किल्ल्यात कोणीतरी जुना वर्गमित्र भेटला. गप्पा संपेचनात. निघालो तेव्हा घोडागाड्या केव्हाच परतलेल्या. पाणी घोट्याला, मग गुडघ्याला, मग मी आजोबांच्या खांद्यावर. एका हातात त्यांच्या वहाणा, दुसऱ्या हातात नारळाची शेरणी, आणि खालून आजोबांचं चालूच, "गणित बरोबर होतं हो, गणित बरोबर होतं."

नीसला असलं काही नाही. समुद्र जिथल्या तिथे, शहाण्या मुलासारखा. बारा वाजले हे सांगायला रोज टेकडीवरून तोफेचा बार होतो. एका स्कॉटिश गृहस्थाने म्हणे ही प्रथा पाडली, बायकोला जेवणाची वेळ कळावी म्हणून. पहिल्या दिवशी आईच्या हातातलं सोका उडालं. सोका म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं, ऑलिव्ह तेलातलं, भट्टीत तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत भाजलेलं, वर मिरपूड. मुलं फोटो काढत होती. आई म्हणाली, "धिरडं. जरा करपलंय."

चौथ्या दिवशी ती खुर्चीत बसून बोटांची पेरं मोजायला लागली. मी हसत म्हटलं, "आई, भरती येत नाही गं इथे."

"भरतीचं नाही मोजत. ह्यांची तिथी आज की उद्या, ते बघतेय."

मी विसरलो होतो. फोनवर पंचांग काढलं. वैशाख वद्य दशमी, आजच.

ती काही बोलली नाही. दुपारी तोफ झाल्यावर तिने सोक्याचा एक मोठा तुकडा कागदावर काढला, कठड्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरली. कावळा कुठे दिसेना. तेवढ्यात एक दांडगा कुरव पक्षी उतरला आणि आम्ही हात जोडायच्या आत तुकडा कागदासकट घेऊन गेला.

आई बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इतक्या पटकन कधी पानावर बसले नाहीत हो."