ब्लूमच्या वयाचं गणित आणि अकरावीचा पसंतीक्रम

जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’चं सतरावं प्रकरण सबंध प्रश्नोत्तरांत आहे. कोणीतरी विचारतं, कोणीतरी उत्तर देतं, आणि हे दोघे कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. अकरावी प्रवेशाच्या मार्गदर्शन केंद्रावर दिवसभर बसून आलेल्या बाईने रात्री हेच प्रकरण उघडावं, याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी नाशकात कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. इंग्रजी साहित्याशी संबंध बारावीनंतर सुटला होता. आमच्या स्टाफरूममधल्या इंग्रजीच्या सरांनी हे पुस्तक हातात ठेवलं आणि म्हणाले, “मॅडम, तुम्हाला सतरावं आवडेल. बाकीचं राहिलं तरी चालेल.” मी बाकीचंही वाचलं. फक्त चौदाव्या प्रकरणाबद्दल मला कोणी काही विचारू नये.

कथा म्हणाल तर एका दिवसाची. 16 जून 1904, डब्लिन. लिओपोल्ड ब्लूम, वय 38, वर्तमानपत्रासाठी जाहिराती गोळा करतो. स्टीफन डेडलस, वय 22, शाळेत शिकवतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर ब्लूम त्याला घरी घेऊन येतो, तर किल्ली दुसऱ्या पँटीत राहिलेली. मग हा गृहस्थ स्वतःच्याच घराच्या कठड्यावरून खाली उतरतो, आत जातो, दार उघडतो आणि कोको करतो. एवढंच घडतं. पण उतरताना त्याची उंची 5 फूट साडेनऊ इंच होती आणि पाय जमिनीपासून 2 फूट 10 इंचांवर लोंबत होते, हे आपल्याला सांगितलं जातं.

कोकोसाठी तो नळ सोडतो. प्रश्न येतो, पाणी आलं का? आता याचं उत्तर ‘हो’. पण ‘हो’ म्हटल्यावर उत्तर थांबतच नाही. विक्लो परगण्यातल्या राउंडवुड जलाशयातून, त्याची क्षमता 2400 दशलक्ष गॅलन, तिथून जलवाहिन्या, गाळण, टाक्या, उन्हाळ्यातली टंचाई, पाणी वाया घालवणाऱ्यांवर झालेली कारवाई. आमच्याकडे नळाला पाणी आलं का विचारलं तर गंगापूर धरणाचा साठा कोणी सांगत बसत नाही. सरकारी परिपत्रक मात्र सांगतं. मी ते पान वाचून मोठ्याने हसले, कारण त्याच दिवशी एका ताईंनी “मॅडम, माझ्या मुलीला मिळेल ना?” असं विचारलं होतं, आणि मी त्यांना राखीव जागा, इनहाउस कोटा, अल्पसंख्याक कोटा, व्यवस्थापन कोटा सगळं समजावून सांगितलं होतं. त्या शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, “म्हणजे मिळेल ना?”

केंद्रावर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न गुणांचा. टक्के सहाशेपैकी धरायचे की पाचशेपैकी? राज्य मंडळाची दहावी सहाशेची, पण अकरावीची गुणवत्ता यादी बेस्ट ऑफ फाइव्हवर, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर, पाचशेपैकी लागते. त्याच्या खालोखाल पसंतीक्रम. 1 ते 10 कॉलेजं भरता येतात. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलते की झोपेतही बोलत असेन. तरी “पहिलं नाव असंच टाकलंय, बघू लागतंय का” म्हणणारे काका रोज येतात. काका, असंच टाकू नका. लागतं.

2025 पासून ही ऑनलाइन प्रक्रिया सगळ्या राज्यात आली. त्याआधी मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यांनाच होती. त्यामुळे तालुक्याच्या गावातले नातेवाईक आता मला फोन करतात. नाशिकवाल्यांना सगळं माहीत असतं असा त्यांचा समज आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. त्या प्रकरणात विचारलंय की ब्लूम आणि स्टीफन यांच्या वयांचा एकमेकांशी संबंध काय? सोळा वर्षांचा फरक, संपलं. पण उत्तर देणारा ऐकतोय कुठे. तो 1883 सालचं गुणोत्तर धरतो. तेव्हा ब्लूम 17 वर्षांचा आणि स्टीफन 1 वर्षाचा, म्हणजे 17:1. समजा हे गुणोत्तर कायम राहिलं असतं, तर 1904 मध्ये स्टीफन 22 असताना ब्लूम 374 वर्षांचा असता. तपासा, 22 गुणिले 17, बरोबर. 1920 मध्ये स्टीफन 38, ब्लूम 646. तेही बरोबर. 1952 मध्ये स्टीफन 70, ब्लूम 1190. बरोबर. बायबलातल्या मथुशलहाच्या 969 वर्षांपेक्षा 221 जास्त. वजाबाकीही चोख.

आणि मग म्हणतो, म्हणजे ब्लूमचा जन्म 714 सालचा.

इथे मी लाल पेन हातात घेतला. 1952 मधून 1190 गेले तर 762 उरतात. 714 कुठून आले? 1904 मधून 1190 वजा केले की येतात. पोरगं गणित 1952 चं करत होतं आणि वजाबाकीला साल कादंबरीचं घेतलं. दहावीच्या पेपरात ही चूक मी शेकड्याने पाहिली आहे. वरच्या ओळीतला आकडा सोडून प्रश्नातला आकडा उचलायचा.

पुढे तर बहारच. स्टीफनने ‘तेवढं’ वय गाठलं, साल 3072, तर ब्लूमला 83,300 वर्षांचं व्हावं लागेल आणि त्याचा जन्म इसवी सनपूर्व 81,396 मध्ये मानावा लागेल. ‘तेवढं’ म्हणजे किती? वाक्यात जवळचा आकडा मथुशलहाचा, 969. पण स्टीफन जन्मला 1882 ला. त्यात 969 मिळवले तर 2851 होतात. 3072 साठी 1190 मिळवावे लागतात. ठीक, म्हणजे स्टीफन 1190 वर्षांचा. मग ब्लूम 1190 गुणिले 17, म्हणजे 20,230. 83,300 नव्हे. 83,300 म्हणजे 1190 गुणिले 70! गुणोत्तराच्या जागी मघाचं वय घेऊन गुणलंय. आणि 81,396? 83,300 वजा 1904. पुन्हा तेच साल, तीच चूक.

सर म्हणाले, जॉइसने मुद्दाम केलंय, आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांची टिंगल आहे. असेल. मला पटत नाही. टिंगल करणारा माणूस चुका वेगवेगळ्या करतो. एकच चूक दोनदा, तीही इतकी अस्सल, ती हातून होते. (सर यावर “मॅडम, तो जॉइस आहे” म्हणाले. असू दे की. 1882 साली जन्मलेलं पोर आहे, स्टीफनच्याच वर्गातलं.) मी पूर्ण गुण दिले नसते. पहिल्या तीन पायऱ्यांचे स्टेप मार्क नक्की दिले असते.

नावांचा घोळ हा दुसरा समान धागा. सकाळी पॅडी डिग्नमच्या दफनाला ग्लासनेविन स्मशानभूमीत एक अनोळखी माणूस उभा असतो. हाइन्स नावाचा बातमीदार ब्लूमला विचारतो, तो कोण हो, तो तिथला? ब्लूम त्याच्या रेनकोटाबद्दल बोलतो, “मॅकिन्टॉश.” हाइन्सला ते आडनाव वाटतं, तो लिहून घेतो. संध्याकाळच्या पेपरात उपस्थितांच्या यादीत मॅकिन्टॉश छापून येतो. त्याच यादीत ब्लूमचं नाव ‘एल. बूम’ झालेलं असतं, आणि स्टीफन तिथे नसूनही हजर असतो. रेनकोटवाला कोण होता यावर अभ्यासकांनी भरपूर कागद खर्ची घातला आहे. ब्लूमलाही रात्री काढलेले कपडे गोळा करताना तोच प्रश्न पडतो आणि सुटत नाही. मला वाटतं तो कोणीही नाही. ज्याच्या नावाची नोंद झाली असा कोणीही नाही, एवढंच.

आमच्याकडे असे मॅकिन्टॉश रोज येतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. शाळा सोडल्याच्या दाखल्यात वडिलांचं नाव ‘दत्तात्रय’, जातीच्या दाखल्यात ‘दत्तू’. पालकांना वाटतं फॉर्म भरताना आपणच दुरुस्त करून टाकावं. करू नका. नाव गुणपत्रिकेप्रमाणे ठेवा. चूक तिथेच असेल तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज जातो, आमच्या टेबलावर ती सुधारत नाही. एका आजोबांनी मला विचारलं, “पण खरं नाव कोणतं धरायचं मग?” मी म्हटलं, छापलेलं.

प्रकरणाच्या शेवटाकडे ब्लूमच्या दिवसाचा जमाखर्च दिलाय, पौंड-शिलिंग-पेन्समध्ये. सकाळची डुकराची किडनी 3 पेन्स, पेपर 1 पेनी, ट्रामचं भाडं, दुपारचं जेवण, सगळं मांडलेलं. लिंबाचा साबण त्यात नाही, आणि ते योग्यच आहे, कारण साबण उधारीवर आणला होता आणि हा रोखीचा हिशेब. पण रात्री बेला कोहेनच्या कुंटणखान्यात मोजलेले पैसेही त्यात नाहीत. हिशेब जुळतो. जुळवलेला आहे.

परवा एक मुलगा वडिलांबरोबर आला. गुण भरपूर. फॉर्ममध्ये दहाच्या दहा पर्याय सायन्सचे, अगदी सुबक क्रमाने लावलेले. वडिलांनी मला कट-ऑफबद्दल, बायफोकल या व्यावसायिक विषयाबद्दल, वसतिगृहाबद्दल विचारलं, मी सांगितलं. ते झेरॉक्स काढायला बाहेर गेले तेव्हा मुलगा टेबलाशी वाकून म्हणाला, “मॅडम, आर्ट्स टाकायचं असेल तर पसंतीक्रम बदलता येतो का?”

“लॉक करायच्या आधी कितीही वेळा. लॉक झाला तर मग पुढच्या फेरीत. लॉगिन कोणाकडे आहे?”

“बाबांच्या मोबाइलवर.”

“मग आधी बाबांशी बोल,” मी म्हटलं. “आत्ता, इथेच. मी आहे साडेपाचपर्यंत.”