रबराचं वय

पाचेक वर्षांनी मध्यम आकाराची एसयूव्ही बोलायला लागते. इंजिन ठणठणीत असतं, रंगाला धक्का नसतो, डॅशबोर्डवरचा पडदा पहिल्या दिवसासारखाच उजळतो. आवाज येतो तो खालून, पुढच्या एखाद्या चाकाच्या आसपासून, आणि तोही फक्त खराब रस्त्यावर, काचा वर असताना, गाणी बंद असताना. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्-टक्. गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्या मुलासारखी गप्प बसते.

आवाज लोखंडाचा असतो, दुखणं रबराचं. गाडी घेताना रबराकडे कुणी बघत नाही. अश्वशक्ती बघतात, डिकी किती लिटरची ते बघतात, सनरूफ उघडून आकाश बघतात. माहितीपत्रकात बुशला, म्हणजे सांध्यांतल्या रबरी नळीला, एक ओळही मिळत नाही. पण 1200 ते 1600 किलोंचं हे धूड रस्त्यापासून अलगद धरून ठेवायचं काम शेवटी रबरच करतं. जिथे लोखंडाला लोखंडाशेजारी हलायचं असतं तिथे मध्ये रबर बसवलेलं असतं. एसयूव्हीत त्याला जरा जास्तच सोसावं लागतं. बांधा उंच, म्हणून वळणावर कलणं जास्त. ते आवरायला स्टॅबिलायझर बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा, कडक. चाकं 17 किंवा 18 इंची आणि वजनदार, म्हणून आदळली की दणका मोठा. शिवाय एसयूव्ही म्हटली की खड्डा चुकवायचा नसतो, असा एक समज असतोच.

गाडीला दोन घड्याळं असतात, ओडोमीटर आणि कॅलेंडर. धातू बहुतेक वेळा पहिल्याचं ऐकतो, रबर दुसऱ्याचं. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबर हळूहळू कडक होतं, त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं निघून जातात आणि जिथे ते ताणलेलं असतं तिथे आडव्या बारीक भेगा पडतात. गाडी उभी असली म्हणून हे थांबत नाही. म्हणूनच सात वर्षांत 28,000 किलोमीटर चाललेली गाडी बघून हुरळून जाणाऱ्यानं आधी तिचे टायर, दारांचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी) आणि बॉनेटखालचे पाइप दाबून बघावेत. सर्व्हिसच्या पुस्तकात ‘10,000 किलोमीटर किंवा 1 वर्ष, जे आधी येईल ते’ असं छापलेलं असतं. त्यातला पहिला भाग सगळे वाचतात.

आता त्या टक्-टक्कडे. मध्यम एसयूव्हीत या आवाजाचा पहिला संशयित म्हणजे स्टॅबिलायझरचा लिंक रॉड. हातभर लांबीचा दांडा, दोन्ही टोकांना छोटा बॉल जॉइंट, त्यावर रबरी टोपी. टोपी चिरली की आतलं ग्रीस बाहेर येतं, धूळ-पाणी आत जातं, बॉल ढिला होतो आणि वाजू लागतो. याला पकडायची सोपी खूण आहे. ज्या रस्त्यावर कधी डावं चाक उचललं जातं, कधी उजवं, तिथे तो वाजतो. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर गेली की बारला पीळच पडत नाही, आणि लिंक रॉड गप्प राहतो. आवाज उलट स्पीडब्रेकरवरच येत असेल तर लोअर आर्मचे (चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश, शॉक ॲब्सॉर्बर किंवा त्याच्या वरचं स्ट्रट माउंटिंग, म्हणजे त्याला बॉडीशी जोडणारा रबरी आधार, बघावं. गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग सुटल्यासारखा ‘टुण्ण’ आवाज आला, तर माउंटिंगमधल्या बेअरिंगकडे बोट दाखवायला हरकत नाही. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे जाताना कट-कट-कट होत असेल तर तो सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकालाही इंजिनाची ताकद पोचवणारा ॲक्सलचा सांधा. त्याच्याही मुळाशी रबरच आहे. ॲक्सलवरचा घडीघडीचा रबरी बूट फाटतो आणि ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला काळी नक्षी उमटते. ही नक्षी वेळेत दिसली तर फक्त बूट आणि ग्रीस बदलून भागतं. आवाज सुरू झाल्यावर दिसली तर जॉइंटच बदलावा लागतो.

लोअर आर्मच्या बुशबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण इथे चूक रबराची नसते, पाना धरणाऱ्या हाताची असते. बुश म्हणजे दोन नळ्या, एक बाहेर, एक आत, आणि मध्ये त्या दोन्हींना चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो, आणि बोल्ट आवळला की आतली नळी सांगाड्याला घट्ट धरली जाते. म्हणजे आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीही गरगर फिरत नाही. मधलं रबर पिळलं जातं आणि परत सरळ होतं. आता गाडी लिफ्टवर आहे, चाकं हवेत लोंबकळताहेत, आर्म खाली झुकलेला आहे, आणि अशा अवस्थेत कुणी बोल्ट शेवटपर्यंत आवळला. रबराला वाटतं, हीच आपली नेहमीची जागा. गाडी खाली उतरली की तिच्या वजनानं आर्म वर येतो आणि रबर उभ्या उभ्याच पिळलेलं राहतं. त्यावर खड्ड्याचा पीळ आणखी. जो बुश सहज 60,000 किलोमीटर गेला असता तो 15-20 हजारांतच फाटतो, आणि दोष जातो ‘आजकालचे पार्ट कसले’ या सनातन वाक्याला. योग्य पद्धत अशी: बोल्ट हातानं बसतील इतपत आवळायचे, गाडी चाकांवर उतरवायची किंवा आर्मखाली जॅक लावून तो नेहमीच्या उंचीवर आणायचा, आणि मग टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं, शेवटचा आवळ द्यायचा. काम दहा मिनिटांनी वाढतं. त्यानंतर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करायचंच, कारण आर्म निघाला की चाकाचा कोन जसाच्या तसा राहीलच असं नाही.

अलाइनमेंट बिघडलेली असली तर टायर ते लिहून ठेवतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी ठेवली होती. मधला पट्टा झिजला तर जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट. आणि तळवा फिरवल्यावर उंचसखल, खवल्यांसारखं लागलं तर शॉक ॲब्सॉर्बर थकला आहे, किंवा टायर अदलाबदल न करता फार दिवस एकाच चाकाच्या जागी राहिला आहे. हे खवले वेगाबरोबर वाढणारी घुंईई अशी घरघर करतात, आणि ती हुबेहूब व्हील बेअरिंगसारखी असते. निष्पाप बेअरिंग बदलण्याआधी पुढची चाकं मागे, मागची पुढे करून बघावीत. घरघर चाकांबरोबर मागे गेली तर बेअरिंगला निर्दोष सोडायचं. दर 8 ते 10 हजार किलोमीटरला ही अदलाबदल केली तर खवले सहसा होतच नाहीत.

टायरचं वय बाजूवरच लिहिलेलं असतं. डॉट (DOT) या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2321 म्हणजे 2021 सालचा 23 वा आठवडा. नक्षीतले उंचवटे 1.6 मिलिमीटरची सीमा दाखवतात, पण पाण्यात पकड त्याआधीच कमी झालेली असते. 3 मिलिमीटरला नव्या टायरचा विचार सुरू केलेला बरा. नक्षी भरपूर आणि वय सहाच्या पुढे असेल तर मात्र भेगा तपासल्याशिवाय लांबचा प्रवास नको. हवा थंड टायरमध्येच मोजावी, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीप्रमाणे. तापमान 5-6 अंशांनी उतरलं की हवेचा दाब साधारण 1 पीएसआयनं (दाब मोजायचं एकक) कमी होतो, म्हणून पहिल्या थंडीत टायरचा दिवा लागला की लगेच पंक्चर शोधत बसू नये. या सगळ्यात स्टेपनी कुणालाच आठवत नाही. ती डिकीत अंधारात पडून म्हातारी होत असते आणि नेमकी गरजेला निम्म्या हवेची निघते. अनेक गाड्यांत ती बाकीच्या चाकांपेक्षा अरुंद असते आणि तिच्यावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा छापलेली असते, हेही तेव्हाच कळतं.

बॉनेटखाली थोडक्यात. कूलंटचे पाइप इंजिन थंड असताना क्लॅम्पजवळ दाबून बघायचे. फुगून स्पंजासारखे लागले किंवा आतून करकरले तर बदलायचे. इंजिन गरम असताना टाकीचं झाकण उघडायचं नाही, आणि वेगळ्या जातीचं कूलंट किंवा नळाचं पाणी ओतायचं नाही. इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे त्याला धरून ठेवणारा रबरी आधार, फाटलं की ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये ब्रेकवर उभी असताना थरथरते आणि ‘एन’मध्ये टाकली की शांत होते. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा रबरी पट्टा) असेल तर पुस्तकातली वर्षं आणि किलोमीटर, दोन्ही पाळायचे. तो तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, आणि मग इंजिनच उघडावं लागतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि तो ओलावा चक्क ब्रेकच्या रबरी पाइपांमधून झिरपून येतो. नवं डॉट 4, म्हणजे ब्रेक ऑइलची एक प्रत, किमान 230 अंशांना उकळतं. पाणी मुरलं की ही मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांबच्या उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी बदला, ऑइल स्वच्छ दिसत असलं तरी.

दारांच्या बीडिंगवर लोक प्रेमानं ग्रीस किंवा इंजिन ऑइल चोळतात. खनिज तेलानं तसलं रबर फुगतं आणि सैल होतं. तिथे सिलिकॉन लागतं, तेही फडक्यावर घेऊन, वर्षातून दोनदा. डिकीच्या दाराच्या बिजागरीजवळ एक रबरी नळी असते, तिच्यातून कॅमेऱ्याच्या आणि वायपरच्या तारा जातात. हजारो वेळा दार उघडून तार आतल्या आत तुटते, बाहेरून काही दिसत नाही. दार हलवल्यावर कॅमेऱ्याचं चित्र येत-जात असेल तर नवा कॅमेरा घेऊ नका, ती नळी सोलून बघा.

पुढच्या सीटखालचा गालिचा ओला झाला तर दोन शक्यता. उन्हाळ्यात आणि कोरड्या दिवसांत झाला तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. पावसात किंवा गाडी धुतल्यावर झाला तर सनरूफ. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही, तशी त्याच्याकडून अपेक्षाही नसते. जे आत येतं ते चौकटीतल्या पन्हाळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून, खांबांच्या आतून, खाली निघून जातं. या नळ्यांत धूळ आणि पानांचा चुरा बसतो. गाडी सपाट जागी उभी करून छत उघडायचं, एका कोपऱ्यात अर्धा पेला पाणी हळूहळू सोडायचं आणि खाली वाकून बघायचं. पुढच्या नळ्यांचं पाणी बहुतेक पुढच्या चाकामागे किंवा दाराच्या बिजागरीपाशी टपकतं. पन्हाळीत पाणी साचून राहिलं तर कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह टाळा. नळी खांबाच्या आत सांध्यातून निसटली तर पुढचा पाऊस थेट छताच्या कापडात. दोनेक मिलिमीटर जाडीची गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घ्या, टोक विस्तवानं गोल करा आणि जोर न लावता आत सरकवत राहा. कुठेतरी ती अडते, मग जरा फिरवल्यावर सुटते. आधी खाली थोडं काळं पाणी येतं, त्यात वाळक्या पानाचा तुकडा, आणि मग स्वच्छ.